वजनकाट्यावर एक पाय

गुडघ्याचं आजारपण चालू असताना याविषयी मराठीत काही वाचायला मिळतं का, ते मी शोधत होते. मिळालं ते डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिल्यासारखं होतं, नाहीतर नुसतं ‘मन खंबीर ठेवा’ असं सांगणारं. मला त्यातलं काहीच नको होतं. माझ्यासारखीच कोणी मुलगी अंथरुणात पडून काय विचार करत होती, एवढंच हवं होतं. म्हणून हे लिहिते आहे. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

आधीच सांगते, यात हेवा बराच आहे. तो काढून लिहायचा प्रयत्न केला होता, पण मग दीड पानात सगळं संपलं.

गुडघा अडकला

आमचं घर वसईच्या पश्चिमेला, वाडीतच आहे. सोनचाफा, मोगरा, थोडी केळी आणि बांधाला भाजी. आईबाबा दोघंही वाडीत राबतात. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, बीएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला. घरी आम्ही आमची बोली बोलतो. इथे ती सगळ्यांना कळेल अशी केली आहे.

गुडघा अकरावीपासून दुखत होता. उकिडवं बसून मोगरा खुडते म्हणून दुखतो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आई तेल चोळायची. मग एक दिवस कॉलेजात प्रॅक्टिकल संपवून स्टुलावरून उठले आणि गुडघा सरळच होईना. दाराच्या फटीत खडा अडकला की दार धड उघडत नाही, धड मिटत नाही, तसं झालं. वर्गातल्या दोघींनी धरून जिन्यावरून खाली आणलं. त्या दोघी नंतर किती सहज जिना चढून वर गेल्या, ते मी रिक्षात बसून बघत होते. हेवा म्हणायचा तर तो तेव्हापासून सुरू झाला.

वसईच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला आणि तो बघून मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथले डॉक्टर वयाने फार मोठे नव्हते. त्यांनी पडद्यावर माझा गुडघा दाखवला. हाडाच्या टोकावर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं, त्याचा एक तुकडा खालच्या हाडाला रक्त कमी पडल्यामुळे सुटला होता आणि सांध्यात फिरत होता. तो काढून टाकायचा, आणि मोकळ्या झालेल्या जागी माझ्याच गुडघ्यातल्या निरोगी कोपऱ्यातून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून लावायच्या.

बाबा नीट ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे रोप दुसरीकडे वाढवायचं आणि मग इथे आणून लावायचं."

डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. मला मात्र लाज वाटली. हा विषय माझ्या अभ्यासक्रमात होता. पेशींपासून ऊती तयार करण्याचं प्रकरण चौथ्या युनिटमध्ये होतं आणि परीक्षेला येत नाही म्हणून मी ते ऑप्शनला टाकलं होतं.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "तिला खाली बसता येईल ना?"

"आधी चालता येऊ दे," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यावर आईने पदर तोंडाला लावला. मला रडू आलं नाही, मला ऐकूच कमी यायला लागलं. डॉक्टर काहीतरी महत्त्वाचं सांगत होते हे दिसत होतं, म्हणून मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. ते म्हणाले, सपाट भांड्यात वाढवलेल्या या पेशी आपण कूर्चेच्या आहोत हेच विसरून जातात. पसरतात, चपट्या होतात. सांध्यात गेल्यावर त्यांच्यावर थोडा दाब यायला लागतो, मग सुटतो, पुन्हा येतो. त्या दाबावरून त्यांना कळतं की आपलं काम काय. दाब आलाच नाही तर त्या लेचापेचा धागा विणत बसतात. जास्त आला तर मरतात.

"पेशी आम्ही वाढवून देऊ," ते म्हणाले. "त्यांच्याकडून काम करून घेणं तुझ्या हातात. हातात म्हणजे पायात."

बाहेर बाकावर माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती. तिचाही डावा गुडघा, तोच आजार. विरार पूर्वेला मनवेलपाड्याला राहणारी, कॉमर्सची. नाव प्रणिता. तिने माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "तुझा पण तुकडा पडला? सही. मला वाटलं मी एकटीच आहे." मी हसले. आत गेल्यावर तिने डॉक्टरांना काय सांगितलं कोण जाणे, डॉक्टरांचा मोठ्याने हसण्याचा आवाज आला. माझ्या वेळी ते हसले नव्हते.

तिच्या पेशी आधी तयार झाल्या

पहिली शस्त्रक्रिया छोटी होती. सुटा तुकडा काढला, निरोगी कूर्चेचा कण घेतला आणि घरी सोडलं. तो कण मुंबईतल्या प्रयोगशाळेत गेला. घरातलं पहिलं माणूस मुंबईत राहायला गेलं, ते माझ्या गुडघ्यातलं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले, आई चिडली.

मग वाट बघणं. ते मला सगळ्यात कठीण गेलं. शस्त्रक्रियेत निदान काहीतरी होत असतं. इथे माझा एक भाग कुठल्यातरी उबदार पेटीत वाढत होता आणि मी खाटेवर बसून मोगऱ्याच्या कळ्या ओवत होते. प्रणिताशी फोनवर बोलणं व्हायचं. दोघींच्या पेशी एकाच आठवड्यात गेल्या होत्या. तिचा फोन आला की तिच्या तयार आहेत, तारीख मिळाली. मी हॉस्पिटलला फोन केला. बाई म्हणाल्या, तुमच्या जरा सावकाश वाढताहेत, काळजीचं कारण नाही.

मी काळजी नव्हते करत. मला राग आला होता. आयुष्यात एकच गोष्ट अशी होती जिच्यात मी काही चूक करू शकत नव्हते, अभ्यास लागत नव्हता, इंग्रजी लागत नव्हतं, आणि तिच्यातही मी मागे पडले होते. दुसऱ्या मुलीच्या पेशी हुशार निघाल्या. हे वाचून कोणाला हसू येईल, पण अंथरुणात पडलेल्या माणसाला असल्या गोष्टी खऱ्या वाटतात.

एक यंत्र, दोन गुडघे

तिची शस्त्रक्रिया माझ्या आधी झाली, म्हणून माझ्याही पेशी लावून मी वॉर्डात आले तेव्हा खिडकीजवळची खाट तिची झालेली होती. आणि यंत्रही.

हे यंत्र गुडघा आपोआप वाकवतं आणि सरळ करतं, अगदी सावकाश, तासन् तास. आपण ताकद लावायची नसते. नव्या पेशी हाडाला धरून राहाव्यात आणि तरी त्यांना हालचाल कळावी म्हणून. वॉर्डात ते एकच चालू होतं, दुसरं दुरुस्तीला गेलं होतं. सिस्टरनी वेळ वाटून दिली. सकाळ प्रणिताची, दुपार माझी. सकाळभर मी शेजारी पडून तिचा गुडघा वाकताना बघायची. यंत्राचा आवाज शिलाईमशीन हळू चालवल्यासारखा होता. मला वाटायचं, तिच्या पेशी आता शिकताहेत. माझ्या बसून आहेत.

दुपारी यंत्र माझ्याकडे आलं की ती लगेच झोपून जायची. तेही मला आवडायचं नाही. मी टक लावून बघितलं होतं, तिने निदान एकदा बघायला हवं होतं.

तिची आई चांगली होती. थर्मासमधून चहा आणायची आणि पहिला कप मला द्यायची. तिचे बाबा ऑफिस सुटल्यावर गळ्यातलं ओळखपत्र न काढताच यायचे, थोडा वेळ उभे राहायचे, फोनवर बोलायचे आणि जायचे. आमच्याकडे बाबा वाडी सोडून रोज येऊ शकत नव्हते. आले की पायाशी स्टूल घेऊन बसायचे आणि माझी बोटं दाबत राहायचे, कारण गुडघ्याला हात लावायची त्यांना भीती वाटायची.

एका सकाळी प्रणिताचा गुडघा यंत्रावर जास्त वाकला. सिस्टर म्हणाल्या, छान प्रगती. मी विचारलं, माझा कधी? सिस्टर म्हणाल्या, "तुझा गुडघा तुझा आहे गं बाळा, तिच्याकडे बघून नाही वाकत." वॉर्डातल्या मावशी माझे केस विंचरत होत्या. त्यांनी वेणी जरा घट्ट ओढली आणि हळूच म्हणाल्या, "बघू दे की. मन कुठेतरी लागायला नको?" त्या मावशींचं हे वाक्य मला औषधासारखं लागलं. निदान एक माणूस मला सुधारायला बघत नव्हतं.

फुलांचा काटा

घरी सोडताना फिजिओ मॅडमनी शिकवलं. कुबड्यांवर उभं राहायचं, चांगला पाय विटेवर, आजारी पाय वजनकाट्यावर. ठरवून दिलेल्या आकड्यापर्यंत पाय दाबायचा, सोडायचा. पुन्हा दाबायचा. दाबून धरून ठेवायचं नाही, पेशी गुदमरतात. दर आठवड्याला आकडा थोडा वाढणार होता. दोघींचं वजन जवळपास सारखं, म्हणून दोघींना आकडेही सारखेच दिले.

मॅडमनी विचारलं, घरी वजनकाटा आहे का? प्रणिता म्हणाली, विकत घ्यावा लागेल. मी लगेच म्हटलं, आमच्याकडे आहे, मोठा, फुलांचा. एवढं एक तरी माझ्याकडे जास्त होतं.

तो काटा आमच्याकडे फार वर्षं आहे. वर पत्र्याची थाळी, समोर गोल तबकडी, थाळीखाली एक स्क्रू. शून्याच्या मागे सुई जाऊ नये म्हणून तबकडीवर एक खिळा आहे. सकाळी बाबा त्याच्यावर फुलं तोलतात. टोपल्या भरून गेल्या की थाळी पुसून, उन्हात वाळवून ते काटा माझ्या खोलीत आणायचे आणि समोर पाटावर बसायचे. सुई माझ्यापेक्षा तेच जास्त बघायचे.

"आला, आला, पुरे. सोड," ते म्हणायचे. पाय उचलला की सुई खिळ्याला टेकायची आणि ते मान हलवायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची की पोरीला कशाला त्रास देताय, पाय टेकवू नका, अजून ओला आहे. तिच्या दृष्टीने गुडघा म्हणजे नुकतंच सारवलेलं अंगण होतं. एकदा ती मला पलंगावरून उठूच देईना. बाबा तिला म्हणाले, दाब नाही मिळाला तर आतलं पीक उभं राहणार नाही. दोघांचं त्यावरून दिवसभर वाजलं आणि मला जेवण शेजारच्या काकूंनी वाढलं.

मी एक दिवस चुकवला नाही. जास्त दाबलं नाही, कमी दाबलं नाही. मला अभ्यास करताना तशीच सवय आहे, एका ओळीखाली एक रेघ, दोन नाही.

सूज

तिसरा आकडा सुरू झाला आणि गुडघा संध्याकाळी गरम लागायला लागला. मग फुगला. फोनवर मॅडम म्हणाल्या, बर्फ लावा, दोन दिवस थांबा, मग त्याच आकड्यावर पुन्हा सुरू करा, होतं असं कधीकधी. थांबलो की सूज उतरायची, सुरू केलं की पुन्हा यायची.

प्रणिताला सूज नव्हती. ती मला सगळं सांगायची, तिला वाटायचं मला बरं वाटेल. आज मी दोनदा विसरले काट्यावर उभं राहायला. आज आईने ढकलत बाथरूमपर्यंत नेलं. आज आकडा सोपा गेला यार, कळलंच नाही. मी "अरे वा" लिहायचे आणि फोन उलटा ठेवायचे.

मी आईला म्हटलं, ती निम्मं करते आणि तिचं चांगलं होतंय. मी पूर्ण करते आणि माझं बिघडतंय. आई म्हणाली, कोणाची दृष्ट लागली असेल. आईला कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं, पण मला घ्यायचं होतं.

मग भीती सुरू झाली. लावलेल्या कूर्चेची कड एकदा सुटली की ती पुन्हा चिकटत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुन्हा पेशी घ्यायला दुसरा चांगला कोपरा उरलेला नव्हता. तेव्हा हे शेवटचंच होतं. एकोणिसाव्या वर्षी लंगडणं ठरणार होतं किंवा नाही ठरणार होतं, आणि ते त्या नखाएवढ्या जागेत ठरत होतं. मी ऑप्शनला टाकलेलं प्रकरण तेव्हा वाचून काढलं. प्रयोगशाळेत संशोधनासाठी पेशी एका मऊ चकतीत ठेवतात आणि वरून छोटा दट्ट्या येतो, दाबतो, उचलला जातो. किती दाबायचं ते यंत्र मोजतं आणि चुकत नाही. मला त्या चकतीतल्या पेशींचासुद्धा हेवा वाटला.

प्रणिता आली

एका रविवारी ती तिच्या आईबरोबर आमच्याकडे आली. एकच कुबडी होती तिच्याकडे. वाडीतल्या पायवाटेवरून ती येताना मी खिडकीतून बघितलं. माझ्या दोन कुबड्या मी पलंगाखाली सरकवल्या.

आईने शहाळी काढून दिली. बाबांनी ओंजळभर चाफा काकूंच्या, म्हणजे प्रणिताच्या आईच्या, पिशवीत घातला. प्रणिताला काटा बघायचा होता. म्हणाली, "तुझा तो फेमस काटा कुठे आहे? माझा बघ, एवढासा प्लास्टिकचा, त्याच्यावर मांजर बसतं." बाबांनी तो कौतुकाने पुढे ओढला. तिने विटेवर पाय ठेवला, दुसरा थाळीवर, दाबला, आणि तबकडीकडे बघितलं. पुन्हा दाबला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, हा कमी दाखवतोय."

मी म्हटलं, तू कमी दाबतेयस.

"नाही गं. माझ्या पायाला पाठ झालाय तो आकडा. डोळे मिटून दाबते मी." तिने डोळे मिटून दाबलं. सुई आकड्याच्या बरीच अलीकडे थांबली.

मला जे वाटलं ते तसंच लिहिते. मला वाटलं, आता हिला आमचा काटाही खोटा ठरवायचा आहे. मी म्हटलं, "तू रोज करतच नाहीस, तुला काय कळणार?" काकूंनी माझ्याकडे बघितलं. प्रणिता काट्यावरून उतरली.

पण बाबांना लागलं होतं. ते शांत आहेत, आवाज चढवत नाहीत, पण काट्याची गोष्ट वेगळी. ते म्हणाले, "माझ्या बापापासून हा काटा आहे. बाजारात आजवर कोणी बोट नाही दाखवलं. थांब पोरी, तुला दाखवतो."

ते मागच्या पडवीत गेले आणि टोपली घेऊन आले. फुलांची मोठी बांबूची टोपली, तळाला ओलं गोणपाट अंथरलेलं. ती त्यांनी थाळीवर ठेवली आणि तबकडीकडे हात केला.

"बघ. शून्य."

सुई खरंच शून्यावर होती. एवढी जड ओली टोपली थाळीवर, आणि सुई शून्यावर.

बाबांचा हात तसाच पुढे होता. मग तो हळूहळू खाली आला. रोज सकाळी ते थाळीखालचा स्क्रू फिरवून टोपलीचं वजन आधीच मागे घेतात, म्हणजे नुसती फुलंच मोजली जातात. त्यांचे बाबाही तसंच करायचे. आमच्या घरात शून्य म्हणजे रिकामी टोपली. टोपली काढली तरी सुई खिळ्यामुळे शून्याच्या मागे जात नाही, तिथेच टेकून राहते. म्हणून माझ्या खोलीत काटा यायचा तेव्हा बरोबरच दिसायचा. मी दाबलेल्या प्रत्येक आकड्यात एक ओली टोपली जास्त होती.

बाबा खाली बसले. मला म्हणाले, "मी तुझ्या पायावर टोपली ठेवत होतो बाय."

आई म्हणाली, असं बोलू नका.

आणि मला, त्या क्षणीसुद्धा, सगळ्यात जास्त काय सललं असेल तर ते हे की हे प्रणिताने शोधलं. माझं घर, माझा काटा, माझा विषय. आणि डोळे मिटून कळलं ते तिला.

थांबणं

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. मॅडमनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढलं. म्हणाले, कड सुटलीय की नाही ते आता सांगता येणार नाही, पुढच्या एमआरआयला दिसेल. तोवर पाय टेकवायचा नाही. मग पुन्हा पहिल्या आकड्यापासून.

बाबा त्या दिवसांत घरात मागच्या दाराने यायचे, म्हणजे माझ्या खोलीवरून जावं लागू नये. फुलं ते शेजाऱ्यांच्या काट्यावर तोलून आणायचे. मी हाक मारली तर "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. शेवटी आईच त्यांच्यावर ओरडली. "पोरीचा पाय जायचा तो जाईल, राहायचा तो राहील. तुम्ही तिच्यापासून तोंड का लपवताय? तिला बाप पण नको का आता?" त्या संध्याकाळी ते आले आणि पूर्वीसारखे पायाशी बसले. बोटं दाबली. मी म्हटलं, जरा जोरात दाबा, बोटांना काही झालेलं नाही. ते हसले नाहीत, पण त्यांनी जोरात दाबलं.

प्रणिताने तिचा प्लास्टिकचा काटा पाठवून दिला. तिला आता त्याची गरज उरली नव्हती. त्याच्यावर खरोखरच मांजराचे केस होते. तो वापरताना मला रोज तिचे उपकार आठवायचे आणि रोज राग यायचा. तिने कळंबच्या समुद्रावरचा फोटो पाठवला, ओल्या वाळूत अनवाणी उभी, कुबडी नाही. खाली लिहिलं होतं, ‘तू पण लवकर ये.’ मी तो फोटो मोठा करून तिच्या डाव्या गुडघ्यावर कुठे सूज दिसते का ते बघितलं.

जे कोणी असं कोणाकडे बघत असतील त्यांना मी एवढंच सांगेन की त्याने आपली सूज वाढत नाही. मी घाबरून मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मत्सराचं वजन काट्यावर येत नाही, तू आपली पायाने दाबत राहा. आकडे पुन्हा एकेक करून वाढले. या वेळी गुडघा गार राहिला. पण आत काय झालं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं.

निकालाचा दिवस

दोघींना एकाच दिवशी बोलावलं होतं. आमचे एमआरआय आधीच झालेले होते, डॉक्टर आता ते बघून सांगणार होते. प्रणिता आधी आत गेली. मी बाबांच्या शेजारी बसले होते, पलीकडे काकू. बाबा ओठ हलवत काहीतरी म्हणत होते. मीही मनात म्हणत होते, आणि काय म्हणत होते ते मला पक्कं आठवतं. माझं चांगलं असू दे. तिचंही चांगलं असू दे, पण माझ्यापेक्षा जरासं कमी.

ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी उठून काही विचारणार तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

डॉक्टरांनी चित्र पडद्यावर लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. बाबांनी टेबलाची कड पकडली होती. मग डॉक्टर म्हणाले, भरलंय. पेशींनी जागा धरली आहे. एका बाजूची कड जरा मऊ आहे, तिथे तो जास्तीचा भार आला असणार, पण सुटलेली नाही. "चालशील. पुढे सावकाश धावशील पण. उकिडवं बसणं मात्र विसरायचं."

बाबांनी दोन्ही हात जोडले आणि ते तसेच बसून राहिले.

मी काय बोलले? माझा पाय वाचला होता, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "सर, प्रणिताचं कसं आहे?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि हसले. या वेळी मोठ्याने. "कमाल आहे तुमची. तिनेही आधी हेच विचारलं. तिला तिचं सांगतोय तर म्हणते, सर, हर्षदाचं काय? अशा मैत्रिणी मिळत नाहीत हल्ली." बाबांचे डोळे त्यावर भरून आले.

बाहेर प्रणिता पाण्याच्या कूलरपाशी उभी होती. मी तिच्याजवळ गेले आणि आम्ही दोघींनी आधी एकमेकींचंच विचारलं असं डॉक्टर म्हणाले ते सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"तू का विचारलंस?" ती म्हणाली.

"तू का विचारलंस?"

"आधी तू सांग."

मी सांगितलं. तुझं माझ्यापेक्षा कमी असावं म्हणून.

तिने ग्लासातलं पाणी संपवलं. "मग बरंय. मला वाटलं मीच तेवढी घाण आहे." मग म्हणाली, "तुझे बाबा तुझ्या पायाशी बसायचे ना, मी झोपायचे नाही तेव्हा. डोळे मिटून पडायचे." हे तिने दुसरीकडे बघत सांगितलं आणि लगेच विचारलं, "बोल, काय निघालं?"

"एक कड मऊ आहे. तुझं?"

"मध्ये खळगा राहिलाय. भरेल म्हणाले."

मऊ कड बरी की भरणारा खळगा बरा, ते आम्ही दोघीही मनातल्या मनात तोलून बघत होतो, आणि दोघींनाही ते कळत होतं. चौथं युनिट वाचूनही मला सांगता येईना. ती फिस्सकन हसली, मग मी. बाबा आणि काकू लांबून बघत होते. आम्ही रडतोय असं वाटून काकू रुमाल घेऊन आल्या.

स्टेशन जवळ होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं, म्हणून रिक्षा केली नाही. फुटपाथवर प्रणिता माझ्या अर्धं पाऊल पुढे होती. मी जरा भरभर टाकले पाय. तिने माझ्याकडे न बघता तिचेही वाढवले. दोघी लंगडत होतो, ती थोडी उजवीकडे झुकून, मी थोडी जास्त.

मागून बाबांची हाक आली, "हळू गो पोरींनो." आम्हाला ऐकू गेलं होतं, पण आधी हळू कोणी व्हायचं ते ठरत नव्हतं.